काळ्या मुठीचा चाकू

"मिस लोर्ना, तुम्ही आजवर किती माणसं मारलीत?"

ब्रिनच्या तोंडून प्रश्न सुटला आणि मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी, जोडी आणि स्काय, हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्या सकाळपासून तिला टोचत होत्या. दाखवलं विचारून!

मिस लोर्ना हसल्या नाहीत. वीस वर्षं शेरीफच्या पोलीस खात्यात काढलेली बाई ती. आता दर शनिवारी जुन्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गावातल्या लोकांना कपड्याखाली पिस्तूल बाळगायला शिकवायच्या.

"एकही नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना मारता मारता थांबले ते किती, ते विचार. चौघं आहेत. अजून बाजारात भेटतात. चल शहाणे, आज पहिली तूच ये."

ब्रिन टेचात उठली. अठरा पूर्ण व्हायला आठवडा उरला होता, आणि वर्गात तिचा नेम सगळ्यांत पक्का, हे डॅडीने अख्ख्या टेनेसी राज्याला सांगून झालं होतं. आत्तासुद्धा तो आणि ममा काचेच्या दारापलीकडे नाक लावून बसले होते.

मिस लोर्नांनी तिच्या कमरेला रंगाच्या गोळ्यांचं पिस्तूल खोचलं, तोंडावर मुखवटा चढवला.

"हे टेबल म्हणजे किराणा दुकान. ती तिकडे तुझी गाडी. पिशवी उचल, गाडीत बस, घरी जा. एवढंच. तुझी स्वतःची किल्ली काढ आणि ठेव इथे, पिशवीशेजारी."

ब्रिनने किल्ली ठेवली. किल्लीला लिंबाएवढा गुलाबी केसाळ गोंडा होता.

उजवा हात पिस्तुलासाठी कायम मोकळा, हा पहिल्याच शनिवारचा धडा. तिने पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा मोकळा ठेवला आणि मान इकडेतिकडे फिरवत झपाझप निघाली. अर्ध्यावर आली तोच मागून पावलं धडधडली.

"ए पोरी! थांब! थांब म्हणतो ना!"

ती गर्रकन वळली. जाड कोट, हातमोजे, हेल्मेट घातलेला एक माणूस धावत येत होता. हात पुढे, हातात काहीतरी. शर्ट वर, पिस्तूल बाहेर. फट्, फट्, फट्.

माणूस गुडघ्यांवर बसला. छातीवर निळ्या रंगाचे तीन ठिपके.

"तिन्ही गोळ्या बशीएवढ्या जागेत!" डॅडी दार उघडून आतच आला आणि ममाकडे वळला. "पाहिलंस, डार्ला? तिन्ही एका बशीत!"

गोळी झाडली की लगेच ९११ ला, म्हणजे पोलिसांना, फोन करायचा, असा नियम होता. इथे फोनच्या जागी रेकॉर्डर. ब्रिनचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

"एक माणूस माझ्या अंगावर धावून आला. हातात चाकू होता. काळ्या मुठीचा. म्हणाला, जिवंत सोडणार नाही. मला दुसरा मार्गच नव्हता."

"चाकू आणखी कुणी पाहिला?" मिस लोर्नांनी विचारलं.

जोडीचा हात वर झाला. मग स्कायचा. मग डॅडीचा.

"ओडेल, मूठ उघड."

माणसाने आधी हेल्मेट काढलं. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, मिस्टर ओडेल! आठ वर्षं ब्रिनला उशीर झाला की कोपऱ्यावर बस थांबवून हॉर्न वाजवत बसणारे. घामाने निथळत त्यांनी मूठ उघडली. आत गुलाबी गोंडा होता, तिने टेबलावर विसरलेल्या किल्लीचा. त्यालाही निळा रंग लागला होता.

मिस लोर्नांनी रेकॉर्डर पुन्हा लावला. 'काळ्या मुठीचा,' ब्रिनचा आवाज म्हणाला. खणखणीत, वक्तृत्वाचं बक्षीस मिळवणारा आवाज. तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. खोटं बोलली असती तरी बरं झालं असतं. ती खोटं बोललीच नव्हती. आत्ताही डोळे मिटले की तो चाकू दिसत होता, मुठीवरच्या दोन खिळ्यांसकट.

"माझंच चुकलं, पोरी," मिस्टर ओडेल छाती पुसत म्हणाले. "एवढं ओरडायला नको होतं मी."

शिवी दिली असती तर ती सोसली असती. तिने मान खाली घातली आणि किल्ली घ्यायला हात पुढे केला. उजवा. तो तेवढा मोकळा होता.

परतताना गाडीत कुणी रेडिओ लावला नाही.

"सापळा होता तो," डॅडी शेवटी म्हणाला. "मुद्दाम रचलेला. कुणीही फसलं असतं."

"तू फसलासच की," ब्रिन म्हणाली. "हात वर केलास."

डॅडीने पिस्तुलांच्या दुकानाकडे वळायचा दिवा लावला. वाढदिवसाचं पिस्तूल आज पसंत करायचं ठरलं होतं. ते लपवायला चोरकप्प्याची पर्स ममाने आधीच घेऊन ठेवली होती.

"वळू नकोस, डॅडी. मला नको ते."

दिवा टिकटिकत राहिला. ममाने मागे वळून पाहिलं. "म्हणजे पुढच्या शनिवारी क्लास नाही ना? मी आजीला येतो म्हणून कळवते."

"क्लास आहे. मिस्टर ओडेलना सांगून आलेय मी." ब्रिनने गोंडा मुठीत घट्ट धरला होता, बोटं निळी झाली होती. "हेल्मेट मी घालणार. किल्ली घेऊन मी धावणार. तुम्ही दोघं या बघायला. आणि डॅडी, हात वर करण्याआधी नीट बघ."