सरूचा शेंडा

डॉक्टरबाईंनी खोक्यातून इंजिन बाहेर काढलं, तेव्हा तो दोन्ही हात पुढे करून उभा होता. जणू कुणी तान्हं बाळच हातात देणार होतं. बायकोने ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि गॅस बारीक केला. चहाची एवढी काय घाई?

बाई दातांच्या डॉक्टर. त्याचं चष्म्याचं दुकान. छोट्या आगगाड्यांच्या कुठल्याशा प्रदर्शनात ओळख झाली आणि तेव्हापासून रविवार म्हटला की बाई दारात हजर. एरवी बनियनवर, गुडघे मातीत टेकून रूळ पुसणारा माणूस आज इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. दाढीही केली होती.

ती ट्रे घेऊन मागच्या बागेत गेली. कुंपणाच्या कडेने रूळ वळत होते, विटांच्या पुलावरून जात होते, दगडांच्या बोगद्यात शिरत होते. चार बोटं उंचीची माणसं फलाटावर गाडीची वाट बघत होती. बाईंच्या काळ्या इंजिनात खरंच पाणी उकळत होतं आणि मागचे डबे ओढताना ते खरंच धापा टाकत होतं.

"चढावर दम लागतोय हिला," बाई म्हणाल्या.

"लागू दे. दम लागला तरच गाडी खरी वाटते."

दोघं हसले. यात हसण्यासारखं काय होतं, ते तिला कळलं नाही.

"अरे, वहिनी! तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

तिला वहिनी. त्याला मात्र भाऊ म्हणत नव्हत्या. हे तिच्या पहिल्याच रविवारी लक्षात आलं होतं.

चहाचा कप हातात तसाच धरून बाई पुलाजवळ वाकल्या. तिथे वीतभर उंचीचे सरू ओळीने उभे होते. बुंधे जाड, साल भेगाळलेली, फांद्या वाऱ्याने एका अंगाला झुकल्यासारख्या.

"इंजिन काय, कुणीही विकत आणेल. पण ही झाडं! एवढीशी आहेत आणि तरी म्हातारी दिसतात. कुणी केलीत?"

त्याने पटकन चष्मा काढला, पुसला.

"आपलं असंच. बसतो अधूनमधून कात्री घेऊन."

तिने ट्रे कट्ट्यावर ठेवला. त्याने आजवर एका पानाला हात लावला नव्हता. उलट रुळांवर काड्या पडतात म्हणून कुरकुर करायचा. फांद्यांना तार बांधणारी ती, मुळं छाटणारी ती, उन्हाळ्यात दोनदा पाणी फवारणारीही तीच. शेजाऱ्यांपुढे तो असं बोलला असता तर तिने हसण्यावारी नेलं असतं. पण या बाईपुढे मोठं व्हायला त्याला नेमकी तिचीच झाडं लागली.

"मग शिकवा ना मला," बाई म्हणाल्या. "माझ्याकडची झाडं गाडीला गिळायला उठल्यासारखी वाढतात."

त्याने बायकोकडे पाहिलं. स्कूटरची किल्ली सापडली नाही की तो असाच बघायचा. चहा गार होतोय, एवढं ती म्हणाली असती तरी भागलं असतं. तिने कट्ट्यावरची छोटी कात्री उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"दाखवा ना. मलाही बघायचंय."

तो उकिडवा बसला. सगळ्यात उंच सरू त्याने निवडला. 'तो नको' तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

कात्री मिटली. शेंडा रुळांवर पडला. तेवढ्यात बोगद्यातून इंजिन आलं, शेंड्याला अडलं आणि जागच्या जागी चाकं फिरवत फुरफुरत राहिलं. त्याने घाईघाईने रिमोट शोधून ते थांबवलं.

बाईंनी आधी झाडाच्या हिरव्या जखमेकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे.

"वहिनी, किती वर्षांचं होतं हे?"

"धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा लावलं. यंदा ती कॉलेजात गेली."

"अगं, वाढेल की परत," तो म्हणाला.

"शेंडा परत येत नाही." त्याच्याकडे न बघता ती बाईंशीच बोलत होती. "पण बाजूची एखादी फांदी वर वळवून बांधली, की काही वर्षांनी तीच शेंडा होऊन बसते. बघणाऱ्याला वाटतं, पहिल्यापासून हीच होती."

बाई जरा थबकल्या. त्यांचे कान लाल झाले. मग कप बाजूला ठेवून त्यांनी बाह्या दुमडल्या.

"आत्ताच बांधू या. सांगा, कुठली? मी धरते."

तिने कुंडीमागून तारेचं भेंडोळं आणलं. दोघी मातीत गुडघे टेकून बसल्या. बाईंनी फांदी दोन बोटांत धरली. हात जराही हलत नव्हता. हे मान्य करावं लागलं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"आणखी थोडी वर. हळू. हं, अशीच."

"मोडणार नाही ना?"

"मोडायची असती तर आधीच मोडली असती."

बाई हसल्या. या खेपेला तीही हसली, नको असताना.

तो इस्त्रीच्या शर्टात मागे उभा होता. त्याने रुळांवरचा शेंडा उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला. गाडी पुन्हा सुरू केली. गाडी पुलावर आली तेव्हा त्याने रिमोटवरून शिट्टी दिली. मग पुन्हा एकदा, जरा लांब.

दोघींपैकी कुणीच मान वर केली नाही.