पाठमोरा

युद्धाविरुद्धची पोस्टर्स आम्ही घराच्या मागच्या खोलीत छापतो. पहिल्या पोस्टरवर पाठमोरा सैनिक होता. त्यासाठी बारक्या, माझा धाकटा भाऊ, उभा राहिला होता. "ताई, तोंड काढू नकोस, लग्न जमायचं नाही," म्हणाला होता.

पुढे त्यालाच सैन्याचं बोलावणं आलं. गेला तो मागे न बघता गेला, परत आला नाही. एक हाक मारायला हवी होती, असं आई अजून म्हणते.

आज नव्या पोस्टरसाठी छपाईची तीच जुनी चौकट काढली, जिच्या ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरते. कितीही धुतली तरी जाळीत आधीच्या चित्राची पुसट सावली राहतेच, पण ती कागदावर उतरत नाही.

आज उतरली. मी लाल शाईत रिकामी खुर्ची छापली आणि तिच्यामागे राखाडी पाठ उमटली.

जाळी पुन्हा घासली. दुसऱ्या कागदावर त्याचा खांदा वळला होता. तिसऱ्यावर कान दिसला, लहानपणी कुत्र्याने फाडलेला. तो मी कधीच काढला नव्हता.

आई कागद दोरीवर वाळत घालत होती. मी म्हणाले, "बास आता."

"अजून एक काढ."

"आई, चेहरा कसा असेल कोण जाणे."

"कसाही असू दे."

मी कागद सरकवला, रबराची पट्टी ओढली. पण चौकट उचलवेना. दोन्ही हातांनी ती दाबूनच धरली.

आई जवळ आली, वाकली आणि राहून गेलेली हाक तिने मारली.

माझ्या तळहातांखालून, जाळीतून, ओ आली.