अन्नवनातला पहिला घास

मनगटावरच्या पट्टीने अन्न तपासून हिरवा दिवा दाखवल्याशिवाय देवरुखात आता कोणी घास तोंडात घालत नसे. वादळात नेटवर्क गेलं आणि सगळ्या पट्ट्या विझल्या. भुकेली माणसं स्वयंसेवकांनी वाढवलेल्या अन्नवनात आली, पण लगडलेल्या झाडांखाली नुसती उभी राहिली.

"बाधलं तर?" उपाशी लेकीला कडेवर घट्ट धरून रेवती म्हणाली.

"नाही बाधायचं गं. पेरू आहे, मीच लावलाय," स्वयंसेविका शालनताई म्हणाल्या. त्यांनी पेरू फोडून अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा तिच्या हातात दिला. "पान चुरडून वास घे, म्हणजे पुढच्या वेळी तूच ओळखशील."

रेवतीने वास घेतला, डोळे मिटून चावा घेतला. गोड होता. तिने लेकीला भरवलं. लेकीने ओठ चाटत फांदीकडे हात केला, आणि मग गर्दीतलेही हात एकेक करून वर जाऊ लागले.