आधी बिजली

टाका उसवला होता. कौशल्यानं बिजलीच्या पोटावरचं फडकं उचललं तर खालून पिवळसर पाणी पाझरत होतं आणि भोवतालची कातडी तव्यासारखी तापली होती. कुत्रीनं डोळे उघडून एकदा मालकिणीकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. रात्रीचा दूधभात ताटलीत तसाच पडून होता.

तिचे यजमान बाबाराव पहिल्या पाळीला गेले होते. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात एकदा आत गेलेला माणूस पाळी संपेस्तोवर सहसा हाती लागत नाही. शेजारचा कवडू टेम्पो घेऊन नागपूरला निघाला होता. कौशल्यानं बिजलीला गोधडीत घेतलं, गेटवरच्या पहारेकऱ्याजवळ निरोप ठेवला आणि टेम्पोत मागं जाऊन बसली. वाटभर तिनं गोधडीखालचा हात हलवला नाही. हाताला तिची धाप जाणवत होती, म्हणजे जीव होता.

सदरमधल्या मधुसूदन डॉक्टरांनीच गेल्या आठवड्यात बिजलीचं ऑपरेशन केलं होतं. ही अल्सेशियन कुत्री माजावर आली की कुठल्याच कुत्र्याला जवळ येऊ देत नसे. दोनदा नळीनं बीज सोडून पाहिलं, गर्भ राहिला नाही. शेवटी डॉक्टरांनी पोट उघडून कामठीच्या एका मेजरसाहेबांच्या कुत्र्याचं बीज थेट गर्भपिशवीत सोडलं. बाबारावांनी पिल्लांची नावंसुद्धा ठरवून ठेवली होती. टर्बाइन, डायनॅमो, आणि मादी झाली तर चिमणी.

डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली. बिजली कण्हली.

"गळ्यातला पुठ्ठा कोणी काढला, काकू? चाटून चाटून टाका तोडलाय हिनं."

पुठ्ठा बाबारावांनी काढला होता. तिचं तोंड पाण्यापर्यंत पोचत नाही म्हणून त्यांचाच जीव वरखाली होत होता.

"आम्हीच काढला," कौशल्या म्हणाली.

"आत पू झालाय. उघडून धुवावं लागेल. नुसता कातडीखाली असेल तर ठीक. पण पिशवीपर्यंत गेला असेल, तर..." डॉक्टर थांबले. "तर पिशवीच काढावी लागेल. मग पिल्लं नाहीत. आता नाहीत आणि पुढंही नाहीत. बाबारावांना विचारून घ्यायला हवं."

"त्यायले यायले दुपार होईन."

"दुपारपर्यंत थांबणं बरं नाही."

कौशल्यानं बिजलीच्या कानामागं बोटं फिरवली. नवऱ्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला. मेजरसाहेबांच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिलेला, कधी नव्हे ते इंग्रजी बोलायला धडपडणारा.

"काढा लागली तं काढा," ती म्हणाली. "आधी बिजली. त्यायले मी सांगीन."

सुई दिल्यावर बिजली सैल पडली. कंपाउंडरनं मागचे पाय धरले, तोंड कौशल्यानं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी चिरा दिला तेव्हा असा वास सुटला की कंपाउंडरनं मान फिरवली. तिनं नाही फिरवली. "अवं बाई, झालंच आता, झालंच," असं ती बेशुद्ध कुत्रीशी बोलत राहिली. डॉक्टर बराच वेळ बोट आत घालून चाचपत होते. मग त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आतला टाका शाबूत आहे, काकू. पू वरच्यावरच होता."

कौशल्याला एकदम घाम फुटला. तोवर तो कुठं अडला होता कोण जाणे.

जखम धुऊन झाली, पू निथळायला कापडाची वात घातली, पट्टी बांधली, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. कवडूचा माल उतरायचा होता, म्हणून ती व्हरांड्यात बिजलीजवळ बसून राहिली. दुपार कलता बाबाराव आले. निरोप मिळताच साहेबांना सांगून निघाले होते. कपड्यांवर कोळशाची पूड, तोंडावर कोळशाची पूड, त्यात डोळे तेवढे पांढरे. ते थेट बिजलीजवळ खाली बसले. तिनं मान उचलली नाही, पण शेपटीनं फरशीवर एकदा थाप दिली.

"वाचली," कौशल्या म्हणाली. आणि ते काही बोलायच्या आत तिनं सांगून टाकलं, "मी डॉक्टरले पिशवी काढा म्हणलं होतं. काढाच लागली असती तं."

बाबारावांनी पट्टीच्या कडेनं हळूच बोट फिरवलं.

"तुमाले इचारलं नाही."

"इचारलं असतं तं मी काय म्हणलो असतो वं?" ते म्हणाले. त्यांनी बिजलीच्या पायावर हात ठेवला. "मी घंटाभर काहीच म्हणलो नसतो. तू होती ते बरं झालं."

परतीला कवडूनं दोघांना पुढं बसायला सांगितलं. दोघंही मागंच बसले, बिजलीला मध्ये घेऊन. ऊन उतरलं होतं. कोराडीजवळ बाबारावांनी टेम्पो थांबवून टपरीवरून कोमट दूध मागितलं. डॉक्टरांनी गुंगी उतरल्यावर थोडं द्यायला सांगितलं होतं. कौशल्यानं बशी बिजलीच्या नाकापुढं धरली. तिनं हुंगलं, तोंड बाजूला केलं. मग जीभ काढली. एकदा. पुन्हा एकदा. मग बशी लख्ख होईस्तोवर ती थांबलीच नाही.

टपरीवाला पट्टीकडं बघत होता.

"पिल्लं हायेत का पोटात?"

"ते महिन्यानं समजीन," बाबाराव म्हणाले आणि बशी त्याच्यापुढं केली. "ही हाये. टाक गा, आणखी टाक."