पेल्यातला हिरवा

"मान जरा वर. राणी आहेस तू, नवऱ्याला विष पाजायला निघालेली," थॉर्नबी साहेब म्हणाले.

एडिथनं रिकामा पेला उंच धरला. लंडनमधल्या त्या स्टुडिओत ती वर्षभर नाटका-काव्यांतल्या बायका होऊन साहेबांच्या चित्रांसाठी उभी राहत होती. तिच्या आधी तिथं तिची धाकटी बहीण नेल उभी राहायची. मागच्या हिवाळ्यात ती तापानं गेली.

"तुझ्या बहिणीची सर तुला नाही," साहेब रंग कालवत म्हणाले. "हाकलून दिलेल्या राजकन्येच्या चित्रासाठी तिला अंगणातल्या बर्फात अनवाणी उभी केली होती. आत घ्या म्हणून रडत होती पोर. पण ओठांवर असा काही निळा चढला होता, की म्हटलं, हा रंग हातचा घालवायचा नाही."

एडिथनं पेला आणखी उंच धरला.

साहेबांनी विषासाठी हिरवा घेतला. त्या हिरव्यात सोमल हे जहाल विष असायचं, आणि टोक काढायला कुंचला ओठांत धरायची साहेबांची खोड जुनी. "साहेब, हिरवा आहे!" असं एडिथ दर वेळी ओरडायची, की ते दचकून कुंचला फडक्याला पुसायचे. एव्हाना त्यांची सगळी भिस्त तिच्या ओरडण्यावरच होती.

आज कुंचला ओठांत गेला. एडिथ गप्प राहिली.

"वा! डोळ्यांत हेच हवं होतं मला," साहेब हिरवे ओठ चाटत म्हणाले. "दमलीस का गं?"

"छे! कितीही वेळ उभी राहीन, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही सावकाश रंगवा."