त्रेपन्न पांढरे कोट

एकविसावं शतक जनुकांचं आहे. हे कोंडीराम गमऱ्यांना तत्त्वतः मान्य होतं. ते शतक संध्याकाळी सहाला सुटतं की साडेसहाला, एवढंच कळायचं राहिलं होतं. म्हणून ते लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीसमोर, उसाच्या रसाच्या गाडीशेजारी, पावणेसहापासून उभे होते.

इमारत जनुकांवर काम करणाऱ्या कंपनीची होती. दादरच्या एका संस्थेच्या रंगीत माहितीपुस्तिकेत तिचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, ‘जनुक अभियांत्रिकी : तुमचं भविष्य इथे घडत आहे.’ गमऱ्यांच्या मुलीला, संघमित्राला, त्या संस्थेत प्रवेश मिळाला होता. त्याच आठवड्यात पोस्टातल्या कारकुनाच्या जागेचं नेमणूकपत्रही आलं होतं. दोन्हींची मुदत सोमवारी संपत होती.

संघमित्राला जनुकंच हवी होती. बी.एस्सी.ला असताना तिने कांद्यातला डीएनए काढून काचेच्या कांडीवर गुंडाळला होता, आणि तो बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कांद्यामुळे आलं असेल, असं तिच्या आईचं, जाईबाईंचं, मत होतं.

“पोस्ट मला दिसतंय,” जाईबाई म्हणाल्या. “लाल आहे, नाक्यावर आहे. तुझं जनुक कुठाय ते दाखव.”

“आई, ते तुझ्या अंगातच आहे.”

“माझ्या अंगात काय काय आहे ते मला ठाऊक आहे. त्यातलं एकपण पगार देत नाय.”

शेवटी निकाल बापावर आला.

ब्याऐंशीच्या गिरणी संपात गमरे सूत कातायच्या रिंग खात्यात होते. संप महिन्याभरात मिटतो, असं एका पत्रकात छापलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. तेव्हापासून छापील कागदावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. गेटवरचा मात्र शाबूत राहिला. गिरणी कशी चाललीय हे मालकाला विचारू नये, युनियनला तर मुळीच विचारू नये. पाळी सुटताना गेटसमोर उभं राहावं आणि बाहेर पडणारी डोकी मोजावीत. चाळीत पोरगी देतानाही हीच रीत होती. होणारा जावई पाळीतून बाहेर पडताना दिसला, की मगच सुपारी फुटायची.

गेटवरचा वॉचमन ओळखीचा निघाला. रामजी तांबे, त्यांच्याच खात्यातला.

“कोंड्या! तू इकडं कुठं रे?”

“कारखाना चालतोय ना?”

“चालतोय? पळतोय! एसीसुद्धा बंद होत नाय.”

“आणि आतली पोरं? सही करतात?”

“येताना एक, जाताना एक. माझ्याच वहीत.”

सही म्हणजे मस्टर, आणि मस्टर म्हणजे नोकरी. गमऱ्यांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

सहा वाजता काचेचं दार आपोआप सरकलं आणि पांढऱ्या कोटांतली माणसं बाहेर पडू लागली. सुताच्या बॉबिनी मोजायच्या जुन्या सवयीने गमऱ्यांनी ती पाच-पाचांनी मोजली. त्रेपन्न. शुक्रवारी पुन्हा येऊन मोजली. त्रेपन्न. शनिवारीही त्रेपन्नच. एकाचाही खाडा नाही. गिरणीच्या चांगल्या दिवसांतसुद्धा रिंग खात्यात अशी हजेरी त्यांनी पाहिली नव्हती.

“त्रेपन्न,” रविवारी त्यांनी घरात जाहीर केलं. “तीन दिवस, खाडा शून्य. पोस्टाला नाय म्हणून कळव.”

संघमित्राने कळवलं. पोस्टातली जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराकडे गेली. जाईबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या तेव्हा न बोललेलं बरं होतं असं सगळ्यांना वाटलं.

आठवड्याने गमरे पेढे घेऊन गेटवर गेले.

“पोरगी जनुकात गेली,” ते म्हणाले.

“भले! मग दुसऱ्या वर्षी इथंच येईल. दादरच्या त्या कोर्सची सगळी येतात.”

“कामाला?”

“काम कसलं? ट्रेनिंगला. सहा महिने. फी भरतात त्याची, वेगळी.”

पुड्याचा दोरा सोडता सोडता गमऱ्यांचा हात थांबला. पैसे घ्यायला गेटच्या आत जाणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. पैसे भरून आत जाणारा माणूस असतो, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

“सगळी फी भरतात?”

“सगळी. म्हणून तर खाडा नाय. पैसे भरल्यावर घरी कोण बसेल?”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस, रामज्या?”

“तू विचारलंस सही करतात का. पगार घेतात का, हे कुठं विचारलंस?”

गमरे काचेच्या इमारतीकडे पाहत राहिले. चार मजले होते. सगळे दिवे चालू होते.

“मग इथं पगार घेतं कोण?”

रामजीने पेढा तोंडात टाकला आणि प्रामाणिकपणे विचार केला. साहेब होते, पण ते मालकाचे जावई होते आणि मागच्या दाराने गाडीतून जात. रामजी स्वतः एजन्सीचा होता.

“कॅन्टीनचा आचारी,” तो म्हणाला. “तोपण सहालाच सुटतो. त्याचापण कोट पांढराच.”

म्हणजे पोरं बावन्नच होती.