अतिध्रुवीय

“हे सॉल्व्हंट आहे, बाई, शर्करा नव्हे!” आलेखाच्या आरंभीच्या एकुलत्या उंचवट्यावर पेनाचे टोक आपटीत विभागप्रमुख म्हणाले. “लिहा, ‘शर्करा आढळली नाही’, आणि सही करून मोकळ्या व्हा. मग मीही तुमच्या कागदावर सही करून मोकळा होतो.”

तो कागद त्यांच्या कोपराखाली होता. तिला नोकरीत कायम करण्याचा. उमेदवारीची मुदत आज संपत होती. टेबलावर मुळांच्या पाकाची बाटली होती. ‘शर्करामुक्त’ म्हणून ती मधुमेह्यांच्या घरोघरी जायची होती.

तिने पेन उचलले नाही. “पाक न घालता नुसतं सॉल्व्हंट मी सकाळी यंत्रात सोडून पाहिलं, सर. उंचवटा आला नाही. हा पाकाचाच आहे.”

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही इथे माशा मारत होतो?”

प्रयोगशाळेतले यंत्र सांभाळणारे काका पुसलेल्याच काचनळ्या पुन्हा पुसू लागले.

तिने आवाज चढवला नाही. कॉलम म्हणजे यंत्रातली, बारीक कणांनी ठासून भरलेली पोलादी नळी. ज्या पदार्थाचे त्या कणांशी जमते तो आत रेंगाळतो. ज्याचे जमत नाही तो आधी बाहेर पडतो. या कॉलमचे कण तेलकट प्रकृतीचे आणि वनस्पतींतल्या शर्करा पाण्याच्या वेड्या, म्हणजेच अतिध्रुवीय. दोहोंचे विळ्याभोपळ्याचे सख्य. म्हणून साऱ्या शर्करा एकमेकींच्या अंगावर पडत पहिल्याच लोंढ्याबरोबर बाहेर येतात, आणि पाहणारा म्हणतो, काहीच आले नाही. हे तिने एकेक शब्द तोलून सांगितले.

विभागप्रमुख हसले. “शास्त्रात नाव अतिध्रुवीय, आणि एका जागी क्षणभर बसवत नाही! ध्रुवाच्या नावाची तरी लाज राखायची!”

“बसेल, सर. जागा तिची हवी. ध्रुवालाही मांडीवरून उठवलंच होतं.”

विद्यापीठातून तिने दुसरा कॉलम उसना आणला होता. त्याचे कण स्वतःभोवती पाण्याचा पातळ थर धरून ठेवीत. परवानगीची वाट न पाहता तिने तो यंत्राला जोडला, काकांना खूण केली आणि पाकाचा थेंब आत सोडला.

रेघ आडवीच सरकत राहिली. विभागप्रमुखांनी जांभई दिली. मग रेघ उठली. आधी आली फळशर्करा. ती खाली बसते न बसते तोच द्राक्षशर्करा. आणि सर्वांमागून, सावकाश, उंचच उंच ऊसशर्करा. शुद्ध नमुन्यांशी ताडून पाहिल्या. तिघी आपापल्या ठिकाणी, एकीचा पदर दुसरीला लागत नव्हता.

“वा!” काकांच्या तोंडून निघून गेले.

तिने अहवालावर लिहिले, ‘शर्करा आढळल्या’, आणि खाली सही केली.

विभागप्रमुखांनी कोपराखालचा कागद उचलला, दुमडला आणि खणात टाकला. “हुशार आहात. पण इथे टिकायला नुसती हुशारी पुरत नाही, बाई. तुमच्या आधी या जागेवर तिघी आल्या. तिघीही हुशार. टिकली एकही नाही.”

तिने पेनाला टोपण लावले.

“त्या तिघींच्या वेळी कॉलम जुनाच होता ना, सर?”